भिंतीपलीकडचं उपाहारगृह

आमच्या बाबांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नाही, पण पेडण्यातल्या एका बारचं उद्घाटन मात्र त्यांच्या हातून झालं. ही गोष्ट ते कधी नाकारत नसत. कुणी विषय काढला की त्यांना एकदम पाणी प्यायची आठवण व्हायची, एवढंच.

बाबा मराठी शाळेत मास्तर. गावोगावच्या शाळा फिरून झाल्यावर त्यांची बदली पेडण्याला झाली आणि आम्ही बाजाराच्या थोडं खाली, बसच्या रस्त्याला लागून असलेल्या एका घराच्या अर्ध्या भागात भाड्यानं राहायला आलो. आई, बाबा, ताई आणि मी. ताई तालुक्याच्या कचेरीत नुकतीच नोकरीला लागली होती, मी म्हापशाला कॉलेजात जायचे. घराच्या उरलेल्या अर्ध्या भागात मालकाचं किराणा दुकान होतं. दोन्ही भागांमध्ये एकच भिंत, आणि तीही छपरापर्यंत न पोचलेली. वर कौलांखाली हातभर मोकळी फट. घर बांधणाऱ्याला वाऱ्याची काळजी असावी. दुकान होतं तोवर त्या फटीतून फारतर मिरचीचा खकाणा यायचा आणि आम्ही सगळे शिंकायचो.

मग मालक म्हातारे झाले, मुलाकडे फोंड्याला राहायला गेले आणि दुकानाला कुलूप लागलं. काही महिन्यांनी एका सकाळी एक गृहस्थ दारात उभे राहिले. हातात नारळ, कपाळाला टिळा, चेहऱ्यावर इतका नम्रपणा की बाबांना वाटलं, शाळेत मुलाचं नाव घालायला आले असावेत.

"मास्तरांनू, मी चोपड्याचो. तुमच्या शेजारात येतंय," ते म्हणाले. "हाटेल घालतंय. नारळ तुमच्याच हातान फोडूक होयो."

बाबा विरघळले. पेडण्यात येऊन त्यांना वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि कुणीतरी त्यांना नारळ फोडायच्या योग्यतेचं मानत होतं. ते तसेच चपला घालून बाहेर गेले. बाहेर रंगारी स्टुलावर उभा राहून पाटी रंगवत होता. 'रेस्टॉरंट'मधलं 'रेस्टॉ' झालं होतं. बाबांनी त्याला तिथंच थांबवलं.

"परक्या भाषेतला शब्द कशाला? आपल्याला आपला शब्द आहे. उपाहारगृह लिहा."

हॉटेलवाल्यांनी हात जोडले. "मास्तर सांगतत तसा लिही रे."

रंगाऱ्यानं 'रेस्टॉ' पुसून 'उपहारगृह' लिहिलं. बाबांनी त्याला उपहार म्हणजे भेट आणि उपाहार म्हणजे फराळ हा फरक समजावून सांगितला. तरी त्याला ते कळेना, तेव्हा बाबा स्वतः स्टुलावर चढले आणि खडूनं काना कुठं द्यायचा ते दाखवलं. उतरताना त्यांनी विचारलं, "डावीकडे एवढी जागा रिकामी का सोडली?"

"ती फुडे लागतली," हॉटेलवाले म्हणाले.

नारळ फुटला. सगळ्यांना पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना बाबांनी पाहिलं, तर रिकामी जागा भरली होती आणि पाटीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'बार आणि उपाहारगृह'. घरात आल्यावर त्यांनी चपला काढल्या, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "'आणि' तरी शुद्ध लिहिलंय."

आई सावंतवाडीकडची. बाबांच्या शुद्ध मराठीला तिनं कधीच दाद दिली नव्हती. ती म्हणाली, "तुमच्या हाताक यश असा. आता बघा कसो चलता तो धंदो."

धंदा खरोखरच उत्तम चालला, आणि त्याचं श्रेय बाबांनाच द्यायला हवं. तेव्हा गोव्यात राजभाषेचा वाद पेटलेला होता. मराठी की कोंकणी, यावर मोर्चे निघत होते, भिंती रंगत होत्या, सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते. अशा दिवसांत रस्त्याला लागून असलेल्या दारूच्या दुकानावर 'उपाहारगृह' अशी पाटी! मराठीवाल्यांना वाटलं, हे आपलं हक्काचं ठिकाण. ते येऊ लागले. कोंकणीवाल्यांना वाटलं, ही पाटी म्हणजे आपल्याला दिलेलं आव्हान. ते त्याचा निषेध करायला येऊ लागले. निषेध करायचा तर बसावं लागतं, आणि बसलं की काहीतरी मागवावं लागतं. अंधार पडला की दोन्ही पक्ष समोरासमोरच्या टेबलांवर बसून एकमेकांना आपापल्या भाषेचं महत्त्व पटवून देत. गंमत म्हणजे दोन्ही पक्ष बोलत होते ती भाषा एकच होती. पेडण्याच्या बाजारात मासे विकताना बोलतात ती.

हे सगळं आम्हाला कसं कळलं, असं कुणी विचारेल. कौलांखालची ती फट. आम्हाला न कळणारं त्या बारमध्ये काही घडतच नव्हतं. कुणाच्या सासऱ्यानं कुणाला काय म्हटलं, कुणाची काजूची बाग कुणी बळकावली, कुणाला यंदाचा हुराक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, गेल्या वर्षीपेक्षा पाणचट वाटला, सगळं आम्हाला पाठ. मी अर्थशास्त्र वाचायला बसायचे आणि परीक्षेत उत्तरं लिहिताना मला बाजूच्या टेबलावरचे मुद्दे आठवायचे. बोलणं संपलं की गाणी. गाणी संपली की निरोप. एकमेकांचा निरोप घेणं हे आमच्याकडच्या माणसांचं फार प्रेमाचं काम आहे. दारात एकदा, पायरीवर एकदा, मोटारसायकलला किक मारण्याआधी एकदा आणि किक मारल्यावर, आवाजात ऐकू येत नाही म्हणून, आणखी मोठ्यानं एकदा.

शेजाऱ्यांचा त्यांनी कधी विचार केला नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. उलट ते शेजाऱ्यांनाच विचारायला यायचे. वाद अगदी टोकाला गेला की आमच्या दारावर थाप पडायची. बाबा धोतर सावरत उठायचे, दार उघडायचे, तर दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे.

"मास्तरांनू, निजलास? एकच विचारूचा होता. 'चेडू' हो शब्द मराठी काय कोंकणी?"

बाबांमधला मास्तर झोपेतही जागा असायचा. ते म्हणायचे, "'मुलगी' या अर्थाचा बोलीतला शब्द आहे. दोन्हीकडे चालतो."

"म्हणजे आमी दोगवय जिकलव!"

मग दोन्ही पक्षांच्या विजयाचा जल्लोष. अंथरुणात पडलेली आई म्हणायची, "आणि द्या निकाल."

शेवटी एका सकाळी आई स्वतःच बाहेर गेली. बारवाले भाऊ नुकतेच बसमधून उतरून दार उघडत होते. त्यांना आम्ही मुली भाऊकाका म्हणायचो, आई भावजी म्हणायची. आई म्हणाली, "भावजीनू, रातची झोप लागणा नाय आमका."

भाऊकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. हा माणूस ढोंगी असता तर आमचं काम किती सोपं झालं असतं! ते मनापासून चांगले होते. ते पहाटे उठून होडीवर मासळी बघायला जायचे, म्हणून संध्याकाळी शेवटच्या बसनं चोपड्याला परत जायचे. नदीच्या काठावर त्यांचं घर, तिथं शांत झोपायचे. रात्रीचा गल्ला त्यांच्या मेव्हण्याकडे असायचा. स्वतःच्या बारमधला खरा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"वयनी, माझ्या तोंडार मारा," ते म्हणाले. "मास्तरांका तरास झालो तर माका नरकात सुद्धा जागा गावची नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पायरीवर केळीच्या पानात गुंडाळलेली ताजी इसवण होती. आईनं ती परत करायची ठरवली, पण मासा तोंडाकडे बघत होता आणि वार बुधवार होता. त्या दुपारी आमच्याकडे जे कालवण झालं, तसं पुन्हा कधी झालं नाही. जेवून उठताना बाबा म्हणाले, "माणूस दिलदार आहे." इथंच आमचं चुकलं. ज्या माणसाची इसवण पोटात आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला तोंड कसं उघडणार? पुढं पुढं तर एखादी रात्र फारच गोंधळाची गेली की सकाळी आई आधी पायरी बघायची.

भाऊकाका मासळी देऊन थांबले नाहीत. त्यांनी एक फळी रंगवून बारच्या आत टांगली. 'शेजारी झोपले आहेत. शांतता राखा.' मजकूर बाबांनी तपासून दिला होता. त्या रात्रीपासून जे सुरू झालं, त्यापुढं आधीचा गोंधळ म्हणजे अंगाई. आत येणारा प्रत्येक जण ती फळी मोठ्यानं वाचायचा. वाचून झालं की त्याला आपल्या कर्तव्याची जाणीव व्हायची.

"हळू बोला रे! मास्तर निजलेत!"

"कोण बोलता? मी बोलतंय? तू बोलतंस!"

"तूच वरडतंस! फळी वाच!"

"माका वाचूक येता! मास्तरांच्याच शाळेत शिकलंय!"

"मगे गप रव!"

"तू गप रव!"

मग सगळा बार मिळून एकमेकांना गप्प करायचा. वीस-पंचवीस माणसं एकदम 'शू' करू लागली की कौलं थरथरतात, हे मी स्वतः अनुभवलं आहे. या गप्प करण्यातून एकदा मारामारी झाली आणि पोलीस आले. पोलिसानंही फळी वाचली.

ताईचा स्वभाव बाबांसारखा सोशिक नव्हता. बार बंद झाल्यावर एक गृहस्थ आमच्या खिडकीखाली बसून गाणी म्हणायचे. गळा वाईट नव्हता. पण त्यांना प्रत्येक गाण्याची पहिली ओळच यायची, आणि दुसरी आठवेपर्यंत ते पहिलीच म्हणत राहायचे. एका रात्री ताई उठली, न्हाणीतली भरलेली बालदी घेऊन आली, खिडकी उघडली आणि सगळी खाली ओतली. गाणं थांबलं. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "माफ करा हां, बाय," आणि मग ओल्या चपलांचा पचपच आवाज लांब गेला. दुसऱ्या दिवशी ताईला लाज वाटली, पण दोन रात्री तिला झोपही छान लागली.

त्याच हंगामात ताईला बघायला माणसं यायचं ठरलं. मुलगा डिचोलीचा, खाणीच्या कंपनीत कारकून. आईनं जमिनी सारवल्या, पडदे धुतले आणि मग भिंतीकडे बघून ती मटकन खाली बसली. पाहुणे रविवारी संध्याकाळी येणार होते, आणि रविवारची संध्याकाळ म्हणजे बारमध्ये उभं राहायलाही जागा नसायची.

बाबा भाऊकाकांकडे गेले. भाऊकाका म्हणाले, "मास्तरांनू, तुमचा चेडू ता माझा चेडू. त्या सांजेक हयसर टाचणी पडली तरी आवाज येवचो नाय." बंद ठेवा असं म्हणायचं बाबांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांना आदल्या दिवशीची कोळंबी आठवली.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. मामा अंगानं भरलेले, दोन ट्रक खाणीवर लावलेले, आणि त्यामुळे सगळ्या लग्नांत त्यांचं मत शेवटचं. चहा आला, शेव आली, ताई खाली मान घालून बसली. भिंतीपलीकडे खरोखरच शांतता होती. पण ती साधी शांतता नव्हती. तीस-चाळीस माणसं श्वास रोखून बसल्यावर होते तशी ती होती. मधेच ग्लास ठेवल्याचा 'टक' आणि त्यावर लगेच दबलेलं 'शूऽऽ'.

मुलाच्या आईनं विचारलं, "पलीकडे कोण राहतं?"

"उपाहारगृह आहे," बाबा म्हणाले. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं.

मामांनी एकदा नाकानं हवा ओढली आणि ते उठले. "जरा पाय मोकळे करून येतो," ते म्हणाले आणि निघून गेले. त्यांचे पाय कुठं मोकळे होत आहेत ते थोड्याच वेळात फटीतून ऐकू आलं. आत शिरल्या शिरल्या ते आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काय रे, कोण मेलंय काय हयसर?"

सगळा बार त्यांच्यावर 'शू' करून तुटून पडला.

"गप रवा! मास्तरांच्या चेडवाक बघूक माणसां आयल्यात!"

"मी त्यातलोच असंय!" मामा गरजले. "मी न्हवऱ्याचो मामा!"

मग एकदम खुर्च्या सरकल्या. मामांना बसवलं गेलं, त्यांच्यापुढं काहीतरी ठेवलं गेलं, आणि मराठीवाले, कोंकणीवाले, सगळे एका आवाजात ताईची शिफारस करू लागले. आम्ही इकडे चहाचे कप हातात धरून ऐकत होतो. करणार काय?

"चेडू म्हणजे सोना!"

"कधी मान वर करून बघूचा नाय."

"मामानू, माझा ऐका," हा आवाज आम्ही ओळखला. खिडकीखालच्या गायकाचा होता. "माझ्या डोक्यार त्या चेडवान बालदीभर पाणी ओतल्यान. रातच्या काळोखात! एक थेंब भायर गेलो नाय. नेम म्हणजे काय!"

आईनं डोळे मिटले. बाबांना पाणी प्यायची आठवण झाली. ताई इतकी खाली वाकली की तिची वेणीच दिसत होती. मग एक विचित्र आवाज आला. मुलगा हसत होता. आधी तो रुमालात हसला, मग त्याला ते आवरेना. ताईनं मान वर करून त्याच्याकडे रागानं बघितलं, आणि मग तीही हसली. मुलाची आई मात्र हसली नाही. ती आईला म्हणाली, "पाणी गरम होतं की गार?"

"गार," आई कशीबशी म्हणाली.

"मग ठीक आहे."

लग्न ठरलं. मामा परत आले ते डोळे लाल आणि मन भरून. निघताना त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं की अशी माणसं, असा शेजार सगळ्या डिचोलीत नाही.

लग्न डिचोलीला झालं, ताई गेली, आणि खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. मामांना आमच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली. मुलगी गेल्यावर आईबापांना एकटं वाटतं, त्यांची विचारपूस करायला हवी, असं त्यांनी मनावर घेतलं. शनिवार आला की ते पेडण्याला येत. दारात उभं राहून विचारत, "बरे असात मां?" आणि उत्तर ऐकायला न थांबता पलीकडे जात. नंतर झोकांड्या खात परत आमच्याकडे, कारण एवढ्या लांब परत कसं जाणार? मग त्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत. झोपेत ते ट्रक चालवायचे, गियर बदलताना घोरायचे. आतापर्यंत बार भिंतीच्या पलीकडे होता. आता तो अलीकडे आला होता. आणि मुलीच्या सासरचा माणूस, त्याला कोण काय बोलणार?

एका सोमवारी सकाळी, मामा गेल्यावर, आईनं साडी बदलली आणि ती कुणालाही न विचारता चोपड्याच्या बसमध्ये बसली. मी तिच्यासोबत गेले. भाऊकाकांचं घर नदीपासून जरा वर, माडांच्या सावलीत. तिथली शांतता बघून मला राग आला. पाण्यावर एखादी होडी, लांब कुठंतरी कुणी जाळं झटकतंय, बाकी काही नाही. काकी अंगणात सुकी मासळी पसरवत होत्या. त्यांनी आम्हाला बसवलं, काळा चहा आणि पाव दिला. आईनं बारचा विषय काढला नाही. तिनं फक्त एवढंच सांगितलं की मुलगी लग्न होऊन गेली, घर खायला उठतं, तर येत्या शनिवारी तुम्ही आमच्याकडे राहायला या, माझ्या सोबतीला.

काकींना फार बरं वाटलं. "इतक्या वर्षांत माका कोणी रवाक बोलावल्यान नाय," त्या म्हणाल्या.

परत येताना बसमध्ये मी आईला विचारलं, "त्यांना सांगितलं का नाहीस?"

"सांगून कोणाक कळला हा आजपर्यंत?" आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

शनिवारी काकी आल्या. सोबत नाचणीच्या पापडांची पुडी. जेवणं झाली आणि आईनं त्यांचं अंथरूण माझ्या खोलीत, बरोबर भिंतीला लागलेल्या पलंगावर घातलं. भाऊकाका शेवटच्या बसनं चोपड्याला गेले होते. पलीकडे त्यांचा मेव्हणा, म्हणजे काकींचा धाकटा भाऊ, गल्ल्यावर होता. काकींनी मला विश्वासानं सांगितलं, "माझो भाव खूप शांत. त्याच्या तोंडातसून शब्द म्हणून भायर येणा नाय."

मग रात्र रंगात आली. आधी भाषेचा प्रश्न. मग फळीचं वाचन. मग एकमेकांना गप्प करणं. काकी उठून बसल्या. "ह्या काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "शांतता राखतायत." थोड्या वेळानं त्या शांत भावाचा आवाज आला. तो कुणालातरी आग्रहानं सांगत होता, "गावा! मोठ्यान गावा! मास्तरांका काय वाटणा नाय, मास्तर आपलेच!" मामांचा आवाजही होता. मामा टेबलावर ताल धरून म्हणत होते की मास्तर त्यांचे व्याही आहेत, तेव्हा इथं आवाज करायचा पहिला हक्क त्यांचा.

काकी पलंगावर उभ्या राहिल्या. ठेंगणी बाई, त्यामुळे फटीपर्यंत काही त्यांचं डोकं पोचलं नाही, पण आवाज पोचला. मासळीबाजारात घडलेला आवाज तो.

"रे मेल्या! मास्तरांच्या घराक लागान ह्यो गोंधळ? आवशीच्या पोटात होतंस तेवा सुद्धा असोच लाथो मारी होतंस! येतंय थंय? येव?"

पलीकडे जे झालं, त्याला मी खरी शांतता म्हणेन. कुणी 'शू' सुद्धा केलं नाही. मग खुर्च्या अगदी उचलून, हळूच बाजूला ठेवल्याचे आवाज, आणि पावलं. निरोपाचा एक शब्द नाही. मोटारसायकली त्यांनी ढकलत लांब नेल्या आणि तिथं सुरू केल्या. मामा आमच्याकडे झोपायला आले नाहीत. ते कुठं झोपले हे आम्हाला कधीच कळलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. अंधारात बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "कोण बोललं?" आई म्हणाली, "निजा तुमी."

पुढच्या आठवड्यापासून संध्याकाळी गल्ल्यावर काकी बसू लागल्या. चोपड्याचं घर त्यांनी सुनेवर सोपवलं. त्यांनी ती फळी काढून जळणात घातली, कारण त्यांच्या मते लिहून सांगावं लागतं त्या माणसाला सांगण्यात अर्थ नसतो. शेवटच्या बसच्या आधी बार बंद होऊ लागला, म्हणजे दोघं नवराबायको एकत्र घरी जातील. गिऱ्हाइकं कुरकुरली, पण गेली नाहीत. पेडण्यात जाणार कुठं? राजभाषेचा वाद आता ती माणसं एकमेकांच्या कानात करायची. दोन मोठी माणसं कपाळाला कपाळ लावून 'कोंकणी, कोंकणी', 'मराठी, मराठी' असं कुजबुजताना मी दारातून पाहिली आहेत. मामांना मात्र आमच्या प्रकृतीची काळजी वाटेनाशी झाली. दिवाळीला एकदा आले, बाहेर उभ्याउभ्याच काकींकडे बघितलं आणि काम आहे म्हणून गेले. मासळी पायरीवर येणं कमी झालं. बाबा याबद्दल काही बोलत नसत, पण बुधवारी जेवताना ताटाकडे बघून सुस्कारा टाकत.

मग राज्य झालं. इतकी वर्षं दिल्लीच्या हाताखालचा प्रदेश म्हणून राहिलेला गोवा एकदाचा स्वतंत्र राज्य झाला, आणि ज्या दिवशी ही बातमी पक्की झाली, त्या दिवशी पेडणं वेडं झालं. ढोल, फटाके, ट्रकवर चढवलेले कर्णे, भाषणं. ज्याला त्याला घोषणा द्यायची होती आणि प्रत्येकाची घोषणा वेगळी होती. काकींनी नेहमीसारखा वेळेवर बार बंद केला, पण मिरवणुकीनं रस्ता अडला आणि चोपड्याची बस आलीच नाही. दोघं आमच्याकडे राहिली. काकी आईच्या खोलीत, भाऊकाका बाहेरच्या खोलीत चटईवर. बाबा घरात नव्हते. ते शाळेतल्या सगळ्या मास्तरांबरोबर मिरवणुकीच्या पुढं होते.

गोंधळ पहाटेपर्यंत चालला. सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले, तर भाऊकाका चटईवर बसून होते. डोळे तारवटलेले, केस विस्कटलेले. एवढं आयुष्य नदीकाठी झोपलेला माणूस, त्याला हे नवीन होतं. बाबा नुकतेच परतले होते आणि खांबाला टेकून उभे होते.

"मास्तरांनू," भाऊकाका कळवळून म्हणाले, "ही काय रीत झाली? माणसान निजूचा कधी? म्हातारी असतत, ल्हान पोरां असतत. कोणाक तरी सांगूक नको ह्या?"

आत आई आणि काकी एकदम हसायच्या थांबल्या आणि काय उत्तर येतंय ते ऐकायला दारात आल्या. बाबांनी तोंड उघडलं, हातही वर केला. पण रात्रभर घोषणा देऊन त्यांचा घसा पार बसला होता. त्यातून फक्त हवा आली.